डिंकाविना जोडलेला रोबो



आज मी तुमच्याशी एका खेळण्याविषयी बोलणार आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि कवितेच्या नादी लागलेल्या माणसाकडून आपण पावसाविषयी, आईविषयी, फार तर कापसाच्या भावाविषयी ऐकायची तयारी ठेवलेली असते. प्लॅस्टिकच्या रोबोविषयी नाही. पण हा रोबो दुकानातून तयार आणायचा नसतो. तो घरी बसून जोडायचा असतो, आणि जोडताना ना डिंक लागतो, ना खिळा, ना स्क्रू. एक भाग दुसऱ्यात दाबायचा, ‘खट्’ असा आवाज येतो आणि जोड पक्का होतो. हा रोबो कुठून आला, तो कसा जुळतो, त्यात गुण काय, दोष काय, आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसानं त्यासाठी खिशात हात घालावा की नाही, हे मी सांगणार आहे.

‘रोबो’ या शब्दाचा जन्म एका नाटकात झाला. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली ‘आर. यू. आर.’ नावाचं नाटक लिहिलं. त्यात कारखान्यात तयार केलेली, माणसासारखी दिसणारी आणि माणसासाठी राबणारी पात्रं आहेत. त्यांना काय म्हणावं हे चापेक यांना सुचेना, तेव्हा त्यांच्या चित्रकार भावानं, योसेफनं, हा शब्द सुचवला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीनं करावी लागणारी फुकटची मजुरी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. म्हणजे रोबो हा मुळातला वेठबिगार.

आमच्या घरी आला तो रोबो मात्र या अर्थाचा नाही. त्याचं नाव गंडम. १९७९च्या एप्रिलमध्ये जपानी दूरचित्रवाणीवर ‘मोबाइल सूट गंडम’ ही कार्टून मालिका सुरू झाली. दिग्दर्शक होते योशियुकी तोमिनो आणि यंत्रांचे आराखडे काढले होते कुनिओ ओकावारा यांनी. यातलं यंत्र स्वतः विचार करत नाही. त्याच्या धडात माणूस बसतो आणि तो ते चालवतो. चालवणारा अमुरो रे नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा आहे. युद्ध त्याच्या अंगावर येऊन पडतं, आणि ते त्या कोवळ्या पोराचं काय करून ठेवतं, हे ती मालिका दाखवते. तेव्हाच्या प्रेक्षकांना ती फारशी रुचली नाही. ठरल्यापेक्षा आधी, त्रेचाळीस भागांतच, जानेवारी १९८०मध्ये ती गुंडाळावी लागली. मग पुन्हा दाखवली गेली तेव्हा मात्र मुलांनी डोक्यावर घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये बांदाई या कंपनीनं या यंत्राचा घरी जोडायचा संच बाजारात आणला. किंमत होती ३०० येन, शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशात बसेल अशी.

त्या पहिल्या संचाला डिंकही लागायचा आणि रंगही. ऐंशीचं दशक संपता संपता डिंक सुटला. १९९०मध्ये ‘हाय ग्रेड’ नावाचे संच आले आणि रंगही प्लॅस्टिकमध्येच मिसळून येऊ लागला. या सगळ्या प्रकाराला जपानी लोक ‘गनप्ला’ म्हणतात, म्हणजे गंडमचं प्लॅस्टिक मॉडेल. कथेतला गंडम अठरा मीटर उंच आहे. संच त्याच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्शाचा असतो. हिशेब केला तर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पाणी प्यायच्या पेल्याहून थोडा उंच. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच आहे. जपानच्या योकोहामा बंदरात २०२०च्या डिसेंबरपासून २०२४च्या मार्चपर्यंत हाच गंडम पुऱ्या उंचीचा, हातपाय हलवणारा, उभा केलेला होता.

आता आमच्या घरी तो कसा आला ते सांगतो. माझी मुलगी पुण्याला असते. २०२४च्या उन्हाळ्यात तिनं मुलाला आमच्याकडे पाठवलं, आणि मोबाइलपासून तो थोडा सुटावा म्हणून सोबत हे खोकं दिलं. संच ‘एंट्री ग्रेड’ प्रकारचा होता, म्हणजे पहिल्या पायरीवरच्यांसाठी २०२०मध्ये काढलेला. नातू नऊ वर्षांचा. त्यानं खोकं उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. ‘‘नाना, इसमें तो रोबोट है ही नहीं!’’

त्याचं बरोबरच होतं. आत रोबो नसतो. असतात त्या वहीच्या पानाएवढ्या प्लॅस्टिकच्या चौकटी. पांढऱ्या, निळ्या, लाल, पिवळ्या, करड्या. प्रत्येक चौकटीला बोरीच्या फांदीला बोरं लगडावीत तसे बारीक बारीक भाग लगडलेले. एखादा भाग तुरीच्या डाळीएवढा, एखादा शेंगेएवढा. प्रत्येकाशेजारी आकडा कोरलेला. सोबत एक घडीचा कागद. त्यावर मजकूर जपानी, पण त्यावाचून काही अडत नाही, कारण सगळं चित्रांत आणि बाणांत आहे. हा भाग इथून घ्या, असा धरा, तिथं दाबा. आमच्या घरात उर्दू वळणाची हिंदी, गल्लीत वऱ्हाडी आणि माझ्या वहीत मराठी. त्यात जपानीची भर पडली तरी कुणाला दुभाष्या लागला नाही.

या चौकटी होतात कशा, हेही ऐकण्यासारखं आहे. पोलादाच्या दोन पालथ्या-उताण्या साच्यांत भागांचे आकार कोरलेले असतात. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे दोनशे अंशांच्या आसपास तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबानं साच्यात सोडतात. पातळ प्लॅस्टिक पाटातल्या पाण्यासारखं चौकटीच्या नळ्यांतून वाहत जातं आणि एकेक भाग भरत जातं. गार झालं की साचा उघडतो. मात्र गार होताना प्लॅस्टिक आकसतं, शंभरात साधारण अर्धा हिस्सा. तेवढी वाढ धरूनच साचा कोरावा लागतो. कारण पुढची गंमत सगळी मापावर आहे. एका भागाला खुंटी असते, दुसऱ्याला भोक. खुंटी भोकापेक्षा किंचित जाड ठेवलेली असते. किती किंचित? मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावं लागेल इतकी. दाबलं की दोन्हीकडचं प्लॅस्टिक जरासं नमतं, खुंटी आत सरकते आणि मग दोघं एकमेकांना आवळून धरतात. याहून जाड ठेवली तर भोक फुटेल, बारीक ठेवली तर खुंटी निसटेल. दुसऱ्या जातीच्या जोडाला आकडा असतो, तो खाचेत अडकतो. तुमच्या रिमोटच्या पाठीमागचं सेलचं झाकण, पोराच्या दप्तराचं बकल, ही त्याची रोजची उदाहरणं.

आमच्या शेजारी एक सुतार मिस्त्री राहतात. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा. संच उघडल्याचा सुगावा लागताच तो ओसरीवर येऊन बसला. संच एक आणि पोरं दोन, म्हणजे भांडण ठरलेलंच. शेवटी वाटणी झाली. हात, डोकं आणि छाती नातवानं करायची, दोन्ही पाय आणि कंबर मिस्त्रींच्या मुलानं. एकट्यानं केलं तर तासा-दीड तासाचं काम आहे. पोरांना दोन संध्याकाळी लागल्या, कारण मधे वीज गेली आणि मधे बंदूक कुणाच्या हातात राहील यावरून अबोला झाला.

पहिला धडा भाग तोडण्याचा. या संचात भाग हातानंच सुटे होतात, कात्री-कटर लागत नाही. वरच्या पायऱ्यांच्या संचांना मात्र बारीक कटर लागतो. पण हातानं तोडायचं म्हणजे ओढायचं नाही, पिळायचं. नातू ओढत होता. ओढलं की तुटल्या जागी प्लॅस्टिक ताणलं जातं आणि निळ्या-लाल रंगावर पांढुरका डाग उमटतो. मिस्त्रींच्या मुलानं एकदा पाहिलं आणि भाग अंगठ्यानं हलकेच फिरवून काढला. शेंगेतून दाणा निघावा तसा तो निघाला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हातातच होतं.

दुसरा धडा सांध्यांचा. शाळेच्या विज्ञानात आपण शिकलो होतो की गुडघ्याला बिजागरीचा सांधा असतो आणि खांद्याला उखळीचा. या रोबोत दोन्ही आहेत. गुडघा एकाच दिशेनं मिटतो-उघडतो. खुब्याशी गोल बोंड वाटीत बसतं, त्यामुळे पाय पुढे-मागे, आत-बाहेर फिरतो. पुस्तकातली आकृती पाठ करून परीक्षेपुरती लक्षात राहते. इथं पोर स्वतःच्या हातानं बोंड वाटीत दाबतं, पाय फिरवून पाहतं आणि मग नकळत स्वतःचा खांदा फिरवून पाहतं. दोघांनीही तसं केलेलं मी पाहिलं.

तिसरा धडा चुकीचा. मिस्त्रींच्या मुलानं डाव्या पायाची पोटरी उजव्या गुडघ्याला बसवली. भाग जवळजवळ सारखे, फरक जरासाच, आणि ‘खट्’ तर दोन्हीकडे होतं. आता उघडायचं कसं? नखानं निघेना. तो पळत जाऊन वडिलांना घेऊन आला. मिस्त्री कामावरून नुकतेच आलेले, अंगावर भुसा तसाच.

‘‘काय करून राहिले कविराज? लहान पोरायसंगं खेळून राहिले काय?’’ असं म्हणत ते बसले. पाय हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. ‘‘याले सरस नाही लावला?’’

‘‘नाही मिस्त्री. नुसता दाबून बसवलाय.’’

त्यांनी काही न बोलता पटाशीची धार फटीत टेकवली, जरा कलती केली. पोटरीचे दोन्ही अर्धे अलगद सुटले. ओरखडासुद्धा नाही. मग आतली खुंटी त्यांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाले, ‘‘कुसू हाय हे. नुसतं कुसू.’’

कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, जी दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसते. दाराची चौकट पिढ्यान्‌पिढ्या अशीच होत आली. खाच मापात पडली की कुसू ठोकून बसवायचं, वाटलं तर बांबूची खुंटी मारायची. दार जुनं झालं की खुंटी काढून चौकट मोकळी करता येते आणि मोडकं लाकूड तेवढं बदलता येतं. डिंकानं चिकटवलेली वस्तू बिघडली की फेकावी लागते. कुसवाची उघडता येते.

मिस्त्रींच्या अंगणात बैलगाडीचं एक जुनं चाक पडलेलं आहे. ते त्याकडे बोट दाखवून बोलू लागले, आणि मुलं रोबो सोडून ऐकू लागली. मधला तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पाटे. हे सगळं एकत्र कोण धरून ठेवतं? वरची लोखंडी धाव. ही धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करतात. तापली की लोखंड पसरतं, धाव मोठी होते आणि चाकावर चढते. लगेच पाणी ओतायचं. गार होताना धाव आकसते आणि पाटे, आरे, तुंबा सगळ्यांना असं आवळते की गाडी दगडाधोंड्यांतून गेली तरी चाक खिळखिळं होत नाही. मला साच्यात आकसणारं ते प्लॅस्टिक आठवलं. एकीकडे आकसणं सांभाळून घ्यायचं, दुसरीकडे त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं. ज्ञान एकच.

मुलानं विचारलं, ‘‘बाबा, हे तुम्ही मले कधी सांगतलं नाही.’’

‘‘तू इचारलं कधी?’’

श्रोतेहो, या दोन वाक्यांच्या मागे बरंच काही आहे. मिस्त्रींनी पोराला या धंद्यात आणायचं नाही असं पक्कं ठरवलेलं आहे. ‘‘माह्या पोराच्या हाती वाकस नाही देनार,’’ हे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे. लोखंडी दारं आली, तयार प्लायवूडची कपाटं आली, बैलगाड्या कमी झाल्या. महिन्यातले किती दिवस काम मिळेल याचा भरवसा नाही. अशा बापानं मुलाला धंद्यापासून दूर ठेवलं तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? पण धंदा नको म्हणताना हातातली विद्याही झाकून ठेवली जाते. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका प्लॅस्टिकच्या पायामुळे ती त्या संध्याकाळी उघडी पडली.

डिंकाविना जोडण्याची ही विद्या आपल्या जिल्ह्याला नवी नाही. लोणारला जा. तिथलं दैत्यसूदनाचं मंदिर पाहा. हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी ही बांधणी. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा प्रधान असलेल्या हेमाद्रीच्या नावानं ती प्रसिद्ध झाली. चुना न वापरता, दगडांना खाचा पाडून, एकात एक गुंतवून आणि वजनावर वजन तोलून ती उभी राहते. लोणारचं सरोवर पाहायला आपण जातो, काठावरून फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी मुलाला घेऊन त्या मंदिराच्या भिंतीजवळ उभे राहा आणि दोन दगडांच्या मधली रेघ दाखवा. रोबो जोडलेल्या मुलाला ती रेघ वेगळी दिसेल.

असो. आता परीक्षण. रोबो पूर्ण झाला तेव्हा तो कसा होता?

आधी गुण. रंगांची विभागणी अप्रतिम आहे. कुठंही स्टिकर चिकटवावा लागत नाही, प्रत्येक रंग आपल्या जागी प्लॅस्टिकमधूनच येतो, अगदी डोळेसुद्धा. सांधे घट्ट आहेत. एक गुडघा वाकवून बसवला तरी तो तोल सांभाळतो. आणि चित्रांचा कागद इतका स्वच्छ आहे की अक्षरओळख नसलेला माणूसही तो वाचेल. सरकारी अर्ज तयार करणाऱ्यांनी तो एकदा डोळ्यांखालून घालावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता दोष. काही भाग मागून पोकळ आहेत, रोबो पालथा केला की पोकळी दिसते. तुटल्या जागेचे बारीक काटे राहतात. नेलकटर आणि बारीक पॉलिशपेपर जवळ ठेवलात तर ते निघतात. चुकलेला जोड उघडण्यासाठी खोक्यात काही साधन नाही, आणि प्रत्येक घराशेजारी मिस्त्री राहत नाहीत. शिवाय हे आपटण्या-धोपटण्याचं खेळणं नव्हे. टेबलावरून पडला की हात निखळतो. पुन्हा बसवता येतो, पण चार-सहा वेळा काढ-घाल झाली की पकड सैल होते. घरात रांगतं मूल असेल तर खोकं उंचावरच ठेवा, डाळीएवढे भाग तोंडात जायला वेळ लागत नाही. आणि चौकटी? सगळे भाग काढल्यावर उरलेल्या त्या काड्यांचं काय? जपानमध्ये कंपनीनं २०२१पासून त्या गोळा करून पुन्हा वापरायची मोहीम चालवली. आपल्याकडे त्या कचऱ्यात जातात. मिस्त्रींच्या मुलानं मात्र त्या कापून सुतळी गुंडाळायची फिरकी केली.

सगळ्यात मोठा दोष किमतीचा. जपानमध्ये २०२० साली हा संच ७७० येनांना निघाला, म्हणजे २०२४च्या हिशेबानं साडेचारशे रुपयांच्या आतबाहेर. आमच्या घरी पोचेपर्यंत तो हजारावर गेला होता. याची कारणं आहेत. खेळण्यांवरची आयात जकात २०२०च्या अर्थसंकल्पात वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेली आणि २०२३मध्ये सत्तर टक्क्यांवर. देशी खेळण्यांचा धंदा वाढावा हा हेतू, आणि तो वाईट नाही. पण असा मापाचा संच आपल्याकडे सहज मिळत नाही तोवर त्याचा भार पालकाच्या खिशावर पडतो. स्वस्तातल्या नकलाही बाजारात असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. या खेळण्यात किंमत मापाची आहे, आणि नकलेत पहिला बळी मापाचाच जातो.

हजार रुपये म्हणजे काय, हे आपल्या भागात मी कुणाला सांगायला नको. पेरणीच्या तोंडावर तेवढ्या पैशात घरात काय काय येतं याचा हिशेब प्रत्येक मायमाउलीला पाठ असतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऐपत असेल, मूल आठ-नऊ वर्षांचं असेल आणि तुम्ही स्वतः शेजारी बसणार असाल, तर वर्षातून एखादा असा संच जरूर घ्या. नुसता हातात देऊन आपण मोबाइल पाहत बसणार असाल तर घेऊ नका. आणि ऐपत नसेल तर कर्ज-उसनवारीनं तर मुळीच नको, कारण हीच विद्या दहा-वीस रुपयांत शिकता येते.

कशी, ते सांगतो. अरविंद गुप्ता हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा इंजिनीअर १९७८ साली टेल्कोतल्या नोकरीतून रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांतल्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवणं हेच पुढे त्यांचं जगणं झालं. पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं हे केलं, आणि २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एक साधा प्रयोग असा. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घ्यायची, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोन्ही टोकांतून आगकाड्या खुपसायच्या. गुल आधी खरवडून टाकायचा. झाला सांधा. इथंही डिंक नाही. काडी नळीच्या भोकापेक्षा जाड आहे, रबर नमतं आणि काडीला धरून ठेवतं. गंडमच्या खुंटीचाच हा नियम. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो हलत नाही, चार काड्यांचा चौकोन केला तर तो लगेच कलतो. चौकोनात एक तिरपी काडी घातली की तोही ताठ उभा राहतो. पुलांच्या सांगाड्यात, विजेच्या मनोऱ्यात आणि मिस्त्रींच्या छपराच्या कैचीत त्रिकोणच त्रिकोण का असतात, ते मुलाला एका मिनिटात कळतं.

आम्ही हेही करून पाहिलं. नळी सायकलच्या दुकानात मिळाली. या खेळात मिस्त्रींचा मुलगा कुणाला ऐकेना. त्याच्याजवळ चित्रांचा कागद नव्हता, आकडे नव्हते, बाण नव्हते. त्यानं बैलगाडीचा साटा केला, मग कैची केली, मग एक माणूस केला आणि त्याच्या खुब्याला नळीचा सांधा ठेवला, म्हणजे पाय फिरावा म्हणून. इथं मला संचाची मर्यादाही कळली. संच तुम्हाला जोडायला शिकवतो, रचायला नाही. दुसऱ्यानं ठरवलेली वस्तू दुसऱ्यानं ठरवलेल्या क्रमानं आपण पुरी करतो. त्यातही आनंद आहे, शिस्त आहे. आम्ही कवी मंडळीसुद्धा आधी दुसऱ्यांचे छंदच गिरवतो. पण तिथंच थांबायचं नसतं. म्हणून संच घेणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की रोबो पुरा झाला की मुलापुढे आगकाड्या आणि नळी ठेवा, आणि काय करायचं ते सांगू नका.

सुटी संपली तेव्हा रोबो कुणाचा हा प्रश्न आला. संच नातवाचा, पण पाय दुसऱ्यानं केलेले. आम्ही मोठी माणसं काही सुचवायच्या आत पोरांनी आपसांत मिटवलं. गंडमच्या हातातली ढाल काढली आणि ती मिस्त्रींच्या मुलाला दिली. दाबून बसवलेली, त्यामुळे सहज निघाली. रोबो पुण्याला आहे, ढाल इथं सुताराच्या कामठ्यात खिळ्यांच्या डब्यावर टेकवून ठेवलेली आहे. पुढच्या सुटीत ती परत त्या हातात बसवून पाहायची असं ठरलं आहे.

मिस्त्रींचा निर्णय बदललेला नाही. पोरानं शिकावं, नोकरी करावी, हेच त्यांचं म्हणणं आहे. फक्त संध्याकाळी तो कामठ्यात आला तर ते आता त्याला हाकलत नाहीत. परवा तो पहिल्यांदा खाच पाडत होता. मिस्त्री मला म्हणाले, ‘‘शिकू द्या. पोटासाठी नोको, पन हाताले ठाव असली पायजे.’’

आपल्या प्रत्येकाच्या गावात असा कुणीतरी आहे. सुतार आहे, लोहार आहे, खामगावच्या चांदी बाजारात कडी जुळवणारा कारागीर आहे, शिलाई मशीन उघडून पुन्हा बसवणारी ताई आहे. मुलांना सुटीत एक दिवस त्यांच्याकडे घेऊन जा. रोबो नसला तरी चालेल. जाताना एकच करा, मुलाला आधी सांगून ठेवा की तिथं गेल्यावर काहीतरी विचारायचं.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)